नाथाजी हवालदाराचे दोन जबाब

माळसोंडीतल्या पोराला मिसरूड फुटलं की त्याची आई त्याला नाथाजी साळुंख्याच्या अंगणात आणून सोडायची. पलूसच्या पलीकडं, येरळेच्या अंगाला वसलेलं हे गाव. नदीकाठची चार घरं उसाची, बाकी सगळा माळ. म्हणून घरटी एक तरी गडी पलटणीत. आणि पलटणीत जायचं तर आधी नाथाजी हवालदाराच्या हाताखालून जावं लागायचं.

नाथाजी पहिल्या लढाईतला पेन्शनर. अंगानं काठीसारखा सरळ, मिशा पिळलेल्या, आणि आवाज असा की बसलेला माणूस आपसूक उठून उभा राहावा. पळणं, उड्या मारणं हे कुणीही शिकवील. नाथाजीची खरी विद्या वेगळी होती. डॉक्टरच्या हातून पोरगं सुखरूप बाहेर कसं काढायचं, हे त्याला ठाऊक होतं. वजन कमी भरणाऱ्याला तो भरतीच्या सकाळी केळी चारून वर तांब्याभर पाणी पाजायचा. चालताना गुडघ्याला गुडघा लागणाऱ्याला महिनाभर पायांत उशी धरून झोपायला लावायचा. आणि सगळ्यांत शेवटी तोंडाची कवाईत. डॉक्टर काहीही विचारो, उत्तर एकच, "ठीक साब." आप्पासो कदमाच्या थोरल्याचा अंगठा ऐन भरतीच्या दिवशी गाडीच्या जुवात चेमटला होता. अंगठा काळानिळा, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडातून आपलं "ठीक साब, ठीक साब". डॉक्टर हसला आणि पोरगं पास झालं. गावानं हा किस्सा वर्षभर चघळला.

नाथाजीचं एकच तत्त्व होतं. दुखणं सांगितलं की वाढतं, न सांगितलं की जिरतं. हे तो पुस्तकात शिकला नव्हता, पहिल्या लढाईत इराकात बसऱ्याकडं शिकला होता. तिथं काय झालं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पण तिकडून आल्यापासून तो घरात झोपत नसे. थंडी असो, पाऊस असो, अंगणातला कट्टा आणि घोंगडी. लोक म्हणायचे, हवालदाराला मोकळी हवा लागते. हवा कसली डोंबलाची! दार लागलं की त्याच्या छातीत धडधडायचं आणि अंगाला घाम फुटायचा. त्याची बायको मनुबाई तेवढी हे जाणून होती, आणि ती बिचारी केव्हाच निवर्तली. नाथाजी स्वतः मात्र धरून चालला होता की आपलं सगळं जिरलं आहे.

मागं उरला एकुलता एक लेक, लालासाहेब. बापाच्या हाताखालून पास झालेला पहिला गडी तोच. दुसरी लढाई पेटली तेव्हा तो शिपाई होता, ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला तेव्हा नाईक झाला होता. लग्न झालं होतं, पण सुनेला, राहीबाईला, नवरा मिळून किती दिवस बघायला मिळाला असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात लाला रजेवर आला. आधी तिकडंच कुठंतरी दवाखान्यात होता. हिवताप झाला होता, म्हणून कळलं होतं. रजा संपली की डेपोत जाऊन डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं राहायचं, बोर्ड म्हणेल त्याप्रमाणं आघाडीवर जायचं, नाहीतर डेपोत हलकं काम करायचं, नाहीतर घरी यायचं, असा हुकूम होता. हिवतापासाठी एवढा बोर्ड कशाला, हा प्रश्न नाथाजीच्या मनात आला होता. पण आलेल्या प्रश्नाला पाट द्यायचा नाही, तो उभ्याउभ्या परत पाठवायचा, ही त्याची सवय.

लाला बारीक झाला होता. पण गावाला तो बारीक दिसला नाही, दिलदार दिसला. आल्याच्या आठवड्यातच त्यानं आपली लोकरी जर्सी सिद्धू धनगराला देऊन टाकली. दाढीचं सामान आणि आरसा न्हाव्याला दिला. मनगटावरचं घड्याळ त्यानं वाण्याच्या भूपालअण्णाच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "अण्णा, तुमालाच वेळ लागतो दुकान उघडाय-झाकायला. मला काय करायचंय वेळ?" सगळे हसले. भूपालअण्णा चांगला माणूस, त्यानं घड्याळ नाथाजीकडं परत आणून दिलं, तर लालानं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन दिलं. "पलटणीनं पोराचं काळीज केवढं मोठं केलंय," असं गाव म्हणालं. नाथाजीनं मिशीवर हात फिरवला. माणूस आपलं एकेक काढून वाटायला लागला की तो कुठं निघाला आहे, हे विचारावं, असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

एके दिवशी बैलाची पाठ खराऱ्यानं घासता घासता लाला म्हणाला, "आबा, एक इचारू?"

"इचार की."

"बोर्डाम्होरं समदं सांगू का?"

"समदं मंजी काय?"

लालाचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. "झोप लागत न्हाई. लागली तर तितंच जातोय परत. माज्या सेक्शनातला मी यकटाच राहिलोय, आबा. बाकीचे मला काय काय इचारत्यात."

नाथाजीला खरं तर बसऱ्याची आठवण झाली होती. त्यालाही असंच कुणी कुणी काय काय विचारायचं. त्या वेळी पोराच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला असता की बाळा, मलाबी असंच हुतं, तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण बापानं पोराला असं काही सांगायची रीतच नव्हती. नाथाजी म्हणाला, "झोपंचं काय घिऊन बसलास गड्या? रिकामा बसलायस म्हणून हुतंय. पलटणीत गेलास की सरळ हुशील. आन् हे असलं बोर्डाम्होरं बोललास, तर डोक्यानं गेला म्हणून घरी धाडत्याल. मंग ह्या गावात तोंड दावशील का?"

"न्हाई," लाला म्हणाला आणि पुन्हा खरारा फिरवायला लागला.

राहीबाई सासऱ्यापुढं कधी तोंड वर करून बोलली नव्हती. रजा संपत आली तशी ती एका दुपारी मळ्यात भाकरी घेऊन आली आणि भाकरी ठेवून परत न जाता बांधावर उभी राहिली. डोईवरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"मामंजी, ह्यांस्नी न्हेऊ नगासा."

नाथाजीनं घास हातात धरून वर बघितलं.

"घरात झोपत न्हाईत. भाईर जात्यात ते उजाडतानाच येत्यात. काल मला म्हनले, राही, तू तुज्या भावाकडं जाऊन ऱ्हा, तितं तुला बरं पडंल. मी म्हनलं असं का बोलता, तर नुसते हसले. मला भ्या वाटतंय. मानूस निरोप घेताना बोलतो तसं बोलत्यात." तिचा आवाज चिरकला. "न्ह्यायचंच आसंल तर त्या डाक्टरला समदं सांगा. तुमाला सांगवत नसंल तर मला घिऊन चला. मी सांगते."

"तुला?" नाथाजी उखडला. "पलटणीच्या दवाखान्यात सायबाम्होरं पदरवाली बाई न्हेऊन उभी करू व्हय?"

ती हलली नाही. सून असून हलली नाही, हेच नाथाजीला लागलं. हातातला घास त्यानं परत फडक्यावर ठेवला. शेवटी तो म्हणाला, "बरं, जा. सांगतो मी डाक्टरला."

"शबुद?"

"सांगतो म्हनलं नव्हं!"

हा शब्द त्यानं मनापासून दिला होता. त्याला सुनेची काळजी कळली होती, पोराचीही कळली होती. पण संध्याकाळ झाली, अंगणात पोरं तालमीला आली, नाथाजीचा आवाज चढला, आणि पोरं गेल्यावर त्यानं लालालाही समोर उभं केलं. का केलं, ते त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. पाण्यात पडलेला पोहणारा हात मारतो, तसं ते होतं. "नींद?" त्यानं विचारलं. "ठीक साब." "भूक?" "ठीक साब." "घर की याद, डर, कुछ?" "कुछ नहीं साब." लाला सगळं एका दमात म्हणाला, शाळेतल्या पोरासारखं. एवढं चांगलं उत्तर नाथाजीच्या अंगणात आजवर कुणी दिलं नव्हतं. त्याला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

बापलेक बोर्डाच्या आदल्या दिवशी ताकारी स्टेशनावर आगगाडीत बसले. नाथाजीनं जुना कोट घातला होता आणि छातीवर पदकं लावली होती. ती लावायला नको होती. पदकं लावलेला नाथाजी आणि बिनपदकांचा नाथाजी ही दोन माणसं होती, आणि सुनेला शब्द दिला होता तो बिनपदकांच्यानं.

डेपोत बोर्डाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात रांग होती. साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची पोरं. कुणाचा हात झोळीत, कुणी कुबडीवर. लालाच्या अंगावर जखम नव्हती म्हणून तो रांगेत अवघडून उभा होता. पदकं बघून पहारेकऱ्यानं नाथाजीला सॅल्यूट ठोकला, बसायला बाकडं दिलं. ते बाकडं खिडकीखालीच होतं.

आतला डॉक्टर कॅप्टन होता, बंगालकडचा, चष्मेवाला, वयानं लालापेक्षा फार मोठा नसेल. तो घाई करत नव्हता. नाथाजीनं आजवर पाहिलेले डॉक्टर छाती ठोकायचे, जीभ बघायचे, पुढं ढकलायचे. हा समोर बसवून विचारत होता. झोप कशी आहे, स्वप्नं पडतात का, एकटं बसावंसं वाटतं का, जीव नकोसा होतो का. आणि खिडकीतून लालाचा आवाज येत होता, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. नाथाजीचीच उत्तरं होती ती. बाकड्यावर बसल्या बसल्या नाथाजीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

डॉक्टरनं हातातला टाक खाली ठेवला. त्याला काहीतरी खटकलं असावं. आघाडीवरून आलेल्या माणसाची सगळीच उत्तरं इतकी ठीक कशी? त्यानं विचारलं, "बाहर तुम्हारा बाप बैठा है?" आणि नाथाजीला आत बोलावलं.

हीच ती वेळ होती. नाथाजी उठला तेव्हा सांगायचंच, असं ठरवून उठला. "साब, लडका सोता नहीं," हे वाक्य त्यानं व्हरांड्यात मनात जुळवलंही. पण दारातून आत पाय टाकला, टेबलापलीकडच्या खांद्यावरचे तारे दिसले, आणि त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. हात सॅल्यूटला गेला. डॉक्टर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बैठिए हवालदारसाहब." पण नाथाजी बसला नाही. साहेबापुढं बसायचं शरीराला माहीत नव्हतं.

"बाबा," डॉक्टरनं मऊ आवाजात विचारलं, "बेटा घर पे कैसा था? रात को सोता था?"

दारात रांगेतली पोरं कान देऊन उभी होती. लाला खुर्चीत मान वळवून बापाकडं बघत होता.

"ठीक साब," नाथाजी म्हणाला. "शेर का बच्चा है साब."

"सोच के बोलिए. मैं इसको अभी वापस नहीं भेजना चाहता. आप बोलेंगे तो मैं रोक सकता हूँ."

इतकं सरळ सांगितलं त्या भल्या माणसानं. आणखी दोनचार गोष्टी विचारल्या. नाथाजीच्या तोंडून मात्र तीच उत्तरं निघत राहिली. आयुष्यभर तारेवाल्या माणसाला त्यानं कधी दुखणं सांगितलं नव्हतं. ती जीभच त्याच्याकडं नव्हती. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि लालाला फिट लिहिलं.

लालाची नजर त्या वेळी कशी होती, यावर नाथाजीनं नंतर पुष्कळ डोकं फोडलं. कधी वाटायचं, पोरगं सुटल्यासारखं बघत होतं. कधी वाटायचं, वाट बघत होतं. आपला बाप आता सांगेल, आता सांगेल, म्हणून वाट बघत होतं.

पावसाळ्यात, ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हा आकाराम आला. शेजारच्या गावचा, लालाच्याच कंपनीतला. तो रजेवर आला होता, पण आपल्या घरी जायच्या आधी सरळ नाथाजीच्या अंगणात आला, पेटी खाली ठेवली आणि उभाच राहिला. नाथाजीनं त्याच्याकडं बघितलं आणि काय ते समजला.

"कंच्या लढाईत?" त्यानं विचारलं.

"लढाईत न्हाई, काका."

"मंग? तापानं?"

आकारामनं मान हलवली. "अजून म्होरं गेलोच न्हवतो आमी. कॅम्पातच हुतो. आपल्याच हातानं, काका. सकाळी हाक मारली तर..." घरात काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. राहीबाई चौकटीमागं उभी होती. ती रडली नाही, नुसती भिंतीला धरून खाली बसली.

नाथाजी कट्ट्यावर बसला. त्यानं विचारलं, "तुज्याजवळ काय बोलला न्हवता?"

"बोलला हुता," आकाराम म्हणाला. "मी म्हनलं, लाला, डाक्टरकडं जाऊया परत, सांगूया. तर म्हनला, आता कसं सांगू गड्या? माज्या आबानं सायबाम्होरं उभं ऱ्हाऊन सांगितलंय मी बरा हाय म्हणून. आबाला खोटं पाडू व्हय? मंजी मी बराच असनार. मंग हे जे हुतंय ते माजं मलाच निस्तरलं पायजे."

आकाराम हे निर्मळ मनानं सांगत होता. आपण म्हाताऱ्याच्या काळजात काय घालतोय, हे त्याला कळलं नाही. नाथाजी मात्र तेव्हापासून वाकला. पाठीत बाक आला तो कायमचा.

पुढच्या महिन्यात पलटणीतून चौकशी आली. खंडाळ्याकडचा एक जमादार, नानासो म्हणून, कारकुनाला घेऊन चावडीत येऊन बसला. जवान असा गेला की त्याच्या घरी काही कारण होतं का, हे बघायची पद्धत. जमादारानं विचारायला सुरुवात केली. जमिनीचा तंटा? भाऊबंदकी? बायकोशी भांडण?

जमिनीचा तंटा नव्हता. भाऊबंद नव्हते. राहता राहिली बायको.

गाव वाईट नव्हतं, पण गावाला कारण पाहिजे होतं. माळसोंडीचा गडी पलटणीत डोक्यानं गेला, हे लिहून गेलं तर उद्याच्या पोरांकडं डॉक्टर त्याच नजरेनं बघणार. आधीच बेचाळीसपासून गावातली निम्मी तरणी पोरं भूमिगतांच्या मागं होती आणि पलटणीत गेलेल्यांना इंग्रजांचे गडी म्हणून चिडवत होती. तेव्हा घरातलंच काही असेल तर सगळ्यांचीच सुटका. हंबीरराव पाटील खाकरून म्हणाले, "न्हाई मंजी, आता बोलू ने, पर रजेवर आल्याला गडी घरात झोपायचा न्हाई, भाईर हिंडायचा. गावानं बघितलंय. तरण्या मानसाचं मन घरात का लागत नसावं? पोरबाळबी न्हाई." कुणीतरी मागून म्हणालं, तिला तो माहेरी जा म्हणत होता, हे बायकांनी ऐकलं आहे. कारकुनाचा टाक चालायला लागला.

नाथाजी खांबाला टेकून बसला होता. तो उठला.

"जमादारसाब, हे खोटं हाय," तो म्हणाला. "सुनेचा काय बी दोष न्हाई. पोराला झोप न्हवती. मेलेली मानसं त्येला दिसायची. त्यानं मला सांगितलं, सुनंनं सांगितलं. सून म्हनली, न्हेऊ नगा. मी ऐकलं न्हाई. त्येला उत्तरं मी पाठ करायला लावली. डाक्टर म्हनला, तुमी बोलला तर थांबवतो. मी बोललो न्हाई. मी खोटं बोललो, साब. लिवून घ्या. माजं नाव लिवून घ्या."

कारकुनाचा टाक थांबला. आयुष्यात पहिल्यांदा नाथाजी हवालदारानं अधिकाऱ्यापुढं खरं सांगितलं होतं, आणि सांगता सांगता म्हातारा सगळ्यांदेखत रडत होता. एवढं झाल्यावर कुणाला पटणार नाही?

कुणालाच पटलं नाही.

हंबीरराव उठले, त्यांनी नाथाजीच्या पाठीवर हात ठेवला. "नाथाजी, बस. सुनंवर माया हाय तुजी, आमास्नी कळतंय. तिची अब्रू वाचवाय सगळं आपल्या डोईवर घेतुयास. लय मोठं मन हाय बाबा तुजं." दोघातिघांनी डोळे पुसले. नाथाजी एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आवं, खरं सांगतोय मी! डाक्टरला इचारा!"

जमादार तसा सभ्य होता. त्यानं आवाज खाली आणला. "हवालदारसाहेब, तो डॉक्टर बदलून गेला. आता कुठल्या आघाडीवर हाय, द्येवाला ठावं. आन् बोर्डाला तुमचा जबाब हाय, कॅप्टनसाहेबाम्होरं दिल्याला. त्यात पोरगा चांगला. आज म्हनता, आजारी हुता. दोनातला कंचा धरायचा मी? पयला शुद्धीत दिलाय. ह्यो दुक्कात देताय." आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तुमच्यासारक्या पदकवाल्या मानसाला खोटा ठरवू का मी?"

अशा रीतीनं नाथाजीचा खोटा जबाब मानानं जपला गेला आणि खरा जबाब मायेनं बाजूला सारला गेला. कारकुनानं घरगुती कारण लिहिलं. नाथाजीची इज्जत गावात कमी तर झाली नाहीच, उलट वाढली. सासरा असावा तर असा, म्हणून बाया आपापल्या सुनांना सांगू लागल्या. तो पाणवठ्यावर सांगायचा, देवळात सांगायचा, भूपालअण्णाच्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि घरी पोचवायचे. ओरडून सांगावं तर म्हातारा दुःखानं भ्रमला म्हणायचे. गप्प बसावं तर राहीबाईकडं बोट जायचं. बापड्याला इकडं आड आणि तिकडं विहीर झाली.

राहीबाईनं पाणवठ्यावर जायचं सोडलं. ती जवळ आली की बायका बोलणं तोडायच्या. घागर भरून घ्यायला कुणी हात द्यायचं नाही. दिवाळी होऊन गेल्यावर तिचा भाऊ जोतीराम जतहून गाडी घेऊन आला. त्यानं वाद घातला नाही, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "न्हेतो तिला." नाथाजी तरी कुठल्या तोंडानं थांबवणार?

गाडी ओढ्यापर्यंत गेली तोवर नाथाजी चाकाबरोबर चालत होता. ओढ्याच्या उताराला जोतीरामनं बैल सोडले आणि त्यांना पाणी दाखवायला तो खाली उतरला. राहीबाई गाडीत पाठमोरी बसली होती. ती न वळताच बोलली.

"तुमी चावडीत सांगितलासा ते आयकलं मी."

"कुनाला पटलं न्हाई पोरी."

"मला ठावं हाय खरं काय ते." ती थांबली. "मामंजी, एक इचारते. त्या डाक्टरनं माजं काय इचारलं हुतं का? ह्येची बायकू काय म्हनती, असं?"

नाथाजीनं चावडीत सगळं सांगितलं होतं, एवढं एक सोडून. देवळात, पायरीवर, कुठंच हे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. गाडीच्या दांडीला धरून तो उभा राहिला. आता खोटं बोलायचं तर हिच्यापुढं आणि खरं बोलायचं तरी हिच्याचपुढं.

"इचारलं हुतं," तो म्हणाला. "शेवटाला त्येच इचारलं. म्हनला, घरमें औरत क्या बोलती है? ती जे म्हनंल ते मी धरीन, म्हनला."

"मंग?"

"मी म्हनलं, ती बी म्हनती, बरा हाय."

ओढ्यात बैल पाणी पीत होते. राहीबाईनं तोंडाला पदर लावला. नाथाजीला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल, आणि त्याला ते हवंच होतं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, भाकरी वाढताना असायचा तसा.

"मी तुमच्याम्होरं बोलले हुते, मामंजी. दुसऱ्या कुनाम्होरं बोलायची मला सोय न्हवती."

जोतीराम बैल घेऊन वर आला, त्यानं ते जुंपले आणि नाथाजीला रामराम केला. गाडी ओढा ओलांडून जतच्या वाटेला लागली.